चकमधला जॉब

ताई, नमस्कार.

मी कळव्याला राहते. ऐरोलीकडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे टीईला आहे. बाबा रबाळ्याच्या एका कंपनीत टर्नर होते. तीन वर्षांपूर्वी कंपनी बंद पडली, तेव्हापासून ते शेअर रिक्षा चालवतात.

आमच्या सीनियर्सपैकी निम्म्यांनाही यंदा प्लेसमेंट मिळाली नाही. ज्यांच्या हातात ऑफर लेटर आहे, त्यांतल्या दोघांना अजून जॉइनिंगची तारीख नाही. जो तो म्हणतो, कोडिंग आता एआयच करणार. काका म्हणतात एमपीएससीचं बघ, सरकारी ते पक्कं. मावशी म्हणते एमबीए कर. बाबा एवढंच म्हणतात, "तू अभ्यास कर, बाकीचं मी बघतो." तेच जास्त टोचतं.

अभ्यासाला बसले की दहाव्या मिनिटाला डोक्यात येतं, जॉबचीच गॅरंटी नसेल तर हे सगळं कशासाठी? मग मोबाइल हातात. असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेते. मागच्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टीमच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डेडलॉक म्हणजे काय विचारलं, मी गप्प. प्रोग्राम माझ्याच फाइलमध्ये होता. रात्री दोनपर्यंत झोप येत नाही. सीजीपीए दहापैकी ७.१ आहे, केटी म्हणजे राहिलेला विषय एकही नाही. मोटिवेशन कसं टिकवायचं, सांगाल का?

टीईतली एक, कळवा

*

टीईतल्या एके,

मोटिवेशनचं नंतर बघू. आधी तुझ्या पत्रातला एक शब्द घेते: जॉब.

मी १९८६ पासून अकरा वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. ऑफिस म्हणजे शॉपच्या पोटमाळ्यावर काचा लावलेली खोली, खाली लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनच्या, दोन रांगा. कामावर लागून चारच दिवस झाले होते. एक वयस्कर टर्नर जिना चढून वर आले आणि सुपरवायझरला म्हणाले, "साहेब, माझा जॉब गेला." मला वाटलं, माणसाची नोकरी गेली. मी घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि बसा म्हणाले. सगळं ऑफिस हसलं. मग कळलं की कारखान्यात जॉब म्हणजे नोकरी नव्हेच. लेथच्या चकमध्ये, म्हणजे जबड्यात, धरून फिरवतात तो लोखंडाचा तुकडा म्हणजे जॉब. त्या दिवशी त्यांचं माप चुकलं होतं, तुकडा रिजेक्ट झाला होता. नोकरीला ते सगळे साधं 'काम' म्हणायचे. काम सुटलं, काम लागलं. जॉब मात्र हातातला.

बाबांना विचारून बघ, त्यांच्याही तोंडात जॉब याच अर्थानं असेल.

तू गॅरंटी मागतेस ती ऑफर लेटरवाल्या जॉबची. ती मी देऊ शकत नाही आणि जो देतो म्हणेल त्याला फी देऊ नकोस. चकमधल्या जॉबबद्दल मात्र मला बरंच सांगता येईल.

आमच्या कारखान्याचं १९९६ च्या दिवाळीपासून काही खरं राहिलं नव्हतं. कुजबुज सगळीकडे होती, पण पक्कं मला माहीत होतं, कारण पत्रं मीच टाइप करत होते. खाली डबा खायला जायची लाज वाटायची. बायका विचारायच्या, "काय गं, काय चाललंय वर?" आणि मी भाजीचं काहीतरी बोलायचे. त्या काळात शॉपमध्ये दोन तट पडले. काही जण चक्क मशीन बंद ठेवून स्टोअरच्या मागे तीनपत्ती मांडायचे. आणि ते पाण्याच्या ग्लासवाले टर्नर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते आपला जॉब लावून उभे. पाळी संपायच्या दहा मिनिटं आधी लेथवरचा कीस ब्रशनं झाडायचा, कॉटन वेस्टनं बेड पुसायचा, बोटानं तेल फिरवायचं. मी एकदा न राहवून म्हटलं, "मामा, हे मशीन भंगारात जाणार आहे हो." मी ही बातमी फोडणं चूकच होतं. त्यांनी वरही पाहिलं नाही. म्हणाले, "आज पुसलं नाही तर उद्या सकाळी गंज. मलाच त्रास."

तुला वाटेल आता मी सांगणार की मामांना पुढे मोठी नोकरी लागली. नाही लागली. आठ महिने घरी बसले, मग एका छोट्या गाळ्यात कमी पगारावर लागले. तीनपत्तीवाल्यांपैकी एकानं हिशेबाच्या पैशांत स्वतःचा गाळा घेतला, आज त्याचे तीन आहेत आणि लग्नात भेटला की मला "मॅडम" म्हणून टेबलावर बसवतो. जगाचा न्याय असा आहे. कष्टाचं फळ वगैरे मी तुला सांगणार नाही, तू इंजिनीअरिंगची मुलगी आहेस, हिशेब तपासशील.

फरक दुसरीकडे होता. ते शेवटचे आठ-नऊ महिने तीनपत्तीवाल्यांना फार जड गेले. दिवसभर तोच विषय, कंपनी कधी जाणार, किती मिळणार, कोण फितूर. दोघांना दारू लागली. मामा संध्याकाळी सायकलवर टांग मारून लोकमान्यनगरला जायचे आणि म्हणायचे, पडलो की झोप. तू रात्री दोनपर्यंत जागी असतेस असं लिहिलंयस, म्हणून हे सांगितलं. तुला वाटतंय की भविष्याची काळजी असल्यामुळे काम होत नाही. थोडं उलटंही आहे: दिवसभरात हातावेगळं काहीच झालेलं नसतं, म्हणून रात्री काळजीला मोकळं मैदान मिळतं.

आता माझं. कष्ट वाया जातात का? जातात. मी १९८४ ला नौपाड्यात टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये जायचे. सकाळी सातची बॅच, पत्र्याखाली वीस मशीनं. महिनाभर फक्त ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमिकोलन-एल-के-जे-एच-जे. सर कळांवर फडकं टाकायचे, बघून मारायचं नाही. सरांचं ठाम मत, टायपिंग काय कोणीही करतं, शॉर्टहँड शिक, स्टेनोला मान आहे. मी दोन वर्षं शॉर्टहँड घासलं, मिनिटाला शंभर शब्दांपर्यंत पोचले. आज त्याचा उपयोग एकच: वाण्याची यादी मी शॉर्टहँडमध्ये लिहिते, सुनेला वाचता येत नाही, त्यामुळे माझ्या खारी-बिस्किटांना कोणी कात्री लावत नाही. दोन वर्षांच्या पहाटेची किंमत एवढीच वसूल झाली.

आणि मराठी टायपिंग? ते मी शिकले कारण मधे सहा महिने इंग्रजीच्या बॅचला मशीन रिकामं नव्हतं. सर म्हणाले, तोवर मराठी कर. कोणाच्याही नियोजनात नसलेलं काम. कारखाना गेला तेव्हा ठाण्यात गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं निघत होती, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं. संगणकाला मी कधी हात लावून पाहिला नव्हता. पण तिथल्या मराठीच्या कळा टाइपरायटरच्याच रचनेत चालत होत्या आणि त्या माझ्या बोटांत होत्या. पुढची वीस वर्षं मी त्यावर जेवले. टाइपरायटर गेला. १९५५ साली गोदरेजनं पहिला देशी टाइपरायटर काढला होता, त्याचं केवढं कौतुक होतं म्हणे. आता सरकारी टंकलेखनाच्या परीक्षासुद्धा संगणकावर होतात. बोटं राहिली. शिवाय एक मूळ प्रत आणि तीन कार्बन, चूक झाली की चारही कागदांवर वेगवेगळं खोडायचं, त्यामुळे चूक व्हायच्या आधी दिसायची नजर आली. तीच नजर मुद्रितं तपासताना कामी आली, आणि तुझं पत्र वाचतानाही येते आहे.

मुद्दा असा की १९८४ मध्ये यातलं काय टिकेल ते मला, सरांना, माझ्या वडिलांना, कुणालाच माहीत नव्हतं. आणि भाकीत करणारे तेव्हाही थोडे नव्हते. बँकांत संगणक येणार म्हणून त्याच दशकात युनियनवाले रस्त्यावर उतरले होते. त्यांची भीती खोटी नव्हती, हाताने लेजर लिहिणारा कारकून खरंच गेला. तसंच तुझ्या सीनियर्सची अडचण खरी आहे, एआय खरं आहे. २००१ ला आयटीत मंदी आली तेव्हा आणि २००८-०९ मध्येही पोरांच्या जॉइनिंगच्या तारखा अशाच लांबल्या होत्या. तुला कोणी "घाबरू नकोस, काही होत नाही" म्हणत असेल तर त्याचं ऐकू नकोस. काहीतरी होतंय. काय होतंय ते मात्र तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्लेसमेंट ग्रुपलाही कळलेलं नाही. तो ग्रुप आजच म्यूट कर.

काकांच्या 'पक्कं' या शब्दाकडेही जरा बघू. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १० लाख १६ हजारांवर अर्ज आले, पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले सुमारे ५ लाख ९२ हजार, शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. एमपीएससीचं म्हणशील तर एप्रिल २०२० मध्ये व्हायची राज्यसेवा पूर्वपरीक्षा करोनामुळे पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली, त्यातही शेवटची तारीख तीन दिवस आधी रद्द झाल्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती. आता मुख्य परीक्षेचं स्वरूप बदलून वर्णनात्मक झालंय, म्हणजे जुन्या पद्धतीनं तयारी केलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून. सरकारी नोकरी लागली की पक्की, हे खरं. पण लागेपर्यंतच्या रस्त्याइतकं अनिश्चित दुसरं काही नसेल. तुला प्रशासनाची खरंच ओढ असेल तर जरूर कर. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था कित्येक वर्षांपासून आहे, तिथं जाऊन मुलांशी बोल. मात्र आयटीला घाबरून तिकडे पळत असशील तर आगीतून फुफाट्यात. मावशींच्या एमबीएबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की त्याची फी कोण भरणार ते आधी ठरवा.

तेव्हा तुझ्या डोक्यात दोन प्रश्न एकत्र कालवलेत ते आधी वेगळे करायचे. 'माझं पुढे काय होणार' हा एक आणि 'आत्ता समोर काय आहे' हा दुसरा. पहिला प्रश्न वाईट नाही, पण तो अभ्यासाच्या टेबलावर रोज येऊन बसतो हे वाईट. त्याला वार ठरवून दे. रविवारी सकाळी दहा ते अकरा. एक वही कर, त्यात फक्त हाच विषय. आठवड्यात मधेच तो डोक्यात आला की वहीत एक ओळ टाकायची, 'रविवारी बघू', आणि वही मिटायची. हसू नकोस, माझं घर असंच चाललंय. डॉक्टरांचं बिल, गावच्या जमिनीचा वाद, सगळ्याला शनिवार संध्याकाळ दिलेली आहे.

त्या तासात मात्र नुसती काळजी करायची नाही, चौकशी करायची. गेटला, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेला, तिसऱ्या वर्षाची मुलं बसू शकतात, गुण तीन वर्षं चालतात. गेटमधून एमटेकला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन असतं, हे तुमच्या घरच्या परिस्थितीत छोटं नाही. दुसरं, पदवीनंतर एक वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्याखाली इंजिनीअरांनाही मिळते, सरकारी पोर्टलवर नाव नोंदवता येतं, अ‍ॅप्रेंटिसशिपचं काम बघणारं पश्चिम विभागाचं मंडळ शीवला आहे. अ‍ॅप्रेंटिस म्हटलं की तुमच्या कॉलेजातली पोरं नाक मुरडतात हे मला माहीत आहे. बाबांना विचार, त्यांनी कुठे हात बसवला ते. तिसरं, कॅम्पसला अनेक कंपन्या साठ टक्क्यांच्या आसपासची अट आणि चालू केटी नको एवढंच चाळणीला लावतात. तुझे ७.१ त्या चाळणीतून पार होतात. ते सातच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, बस. साडेनऊवालीशी तुलना करून उपयोग नाही, ती वेगळ्या रांगेत उभी आहे.

आणि जरा तुझ्याच रस्त्यावर नजर टाक. ठाण्याहून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरनं ट्रान्सहार्बर लोकल पकडतेस, दिघा गाव, ऐरोली. त्या पट्ट्यात पूर्वी कारखान्यांच्या चिमण्या होत्या, आता ऐरोलीपासून रबाळे-महापेपर्यंत खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्यात. आत सर्व्हर, नेटवर्क, वीज आणि कूलिंग रात्रपाळीला सांभाळणारी माणसं लागतात. फार माणसं लागत नाहीत हेही लिहून ठेव, इमारतीच्या आकारावर जाऊ नकोस. पण तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्कच्या पुस्तकातलं जे 'कशासाठी' वाटतं ते त्या भिंतींच्या आत रोज लागतं. कोणी ओळखीचं तिथं आहे का, रविवारच्या तासात शोध.

आता बाकीचे सहा दिवस.

"मन लावून अभ्यास" ही वस्तू नसते. जॉब असतो. त्याला सुरुवात असते, माप असतं, आणि तो चकमधून काढून टेबलावर ठेवता येतो. 'आज डीबीएमएस करायचं' हा जॉब नाही. तुझ्या डेडलॉकचाच जॉब बनवून दाखवते. हे मला कुठून कळलं म्हणशील, तर माझा भाचा याच धंद्यात आहे, त्याला पाऊण तास फोनवर पिडलं. तो म्हणाला, "मावशी, तिच्या फाइलमध्ये बहुतेक बँकर्स अल्गोरिदम असेल." डेडलॉक, म्हणजे कामं एकमेकांत अडकून बसणं, टाळायची ही रीत. पाच प्रोसेस म्हणजे चालू कामं, तीन प्रकारची साधनं. पुस्तकात तक्ता दिलेला असतो, कोणाला किती दिलंय आणि कोणाला जास्तीत जास्त किती लागेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, कोरा कागद घे. कमालमधून दिलेलं वजा कर, गरज निघाली. शिल्लक किती ते बघ. त्या शिल्लकीत कोणाची गरज भागते? त्याला दे, त्याचं काम संपलं की त्याच्याकडचं सगळं परत शिलकीत. असं करत पाचही पार पडले तर तो क्रम सुरक्षित. मग मुद्दाम शिल्लक एकेकानं कमी करत जा आणि पुन्हा बघ कुठे अडतं. चाळीस मिनिटांचं काम आहे. झालं की तो कागद, खाडाखोडीसकट, तारीख घालून फाइलला लाव.

प्रोग्राम त्यानंतर. आणि पहिला तुझ्या हातचा. बाबांच्या कंपनीत नवीन जॉब लागला की पहिला पीस क्वालिटीवाल्याकडून पास करून घ्यायची पद्धत असेल, तशी तू चॅटजीपीटीला क्वालिटीवाला कर. तू लिहायचं, त्यानं तपासायचं. आत्ता तू उलटं चालवलंयस: तो लेथवर आणि तू नुसतीच शिक्का मारणारी, तोही न मोजता. व्हायवाला तुझी जीभ अडकली त्याला हे कारण आहे, तू ढ आहेस हे नाही. भाचा सांगत होता, त्यांच्याकडे नवीन पोरांकडून हल्ली कोड लिहून घेण्यापेक्षा एआयनं लिहिलेला कोड वाचून 'हे इथं फुटेल' असं सांगून घेणं जास्त चालतं. एका माणसाचं सांगणं आहे, त्यावरून बाजार ठरत नाही. पण मला पटलं, कारण संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आली तेव्हा शॉपमध्ये हेच पाहिलं. बटण कोणीही दाबायचं. टूलचा आवाज बदलला की मशीन थांबवायचं, हे साध्या लेथवर हात काळे केलेल्यांनाच कळायचं. अर्थात दोन मशीनला एकच माणूस पुरायला लागला, हेही पाहिलं. दोन्ही खरं आहे.

दिवसाला असे दोन जॉब. जास्त नको. परीक्षेच्या महिन्यात तीन. घरात जागा नसेल, कळव्याच्या वन रूम किचनमध्ये टीव्ही चालू असतो हे मी गृहीत धरते, तर अभ्यासिका शोध. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथं जाऊन नुसतं बसलीस तरी आजूबाजूचे वाकून वाचणारे बघून लाज वाटते. लाज हे उत्तम मोटिवेशन आहे. या शब्दाबद्दल मी एवढंच बोलणार: मामांना लेथसमोर उभं राहायला उत्साह लागत नव्हता, पाळीचा भोंगा पुरायचा. तुझाही भोंगा ठरव. संध्याकाळी साडेसात, चहाचा कप धुतला की टेबल. मन तयार आहे का, हे त्याला विचारायचंच नाही. ते सहसा पंधराव्या मिनिटाला मागून येतं. तू दहाव्याला उठतेस.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. दोन आठवडे हे करूनही रात्र तशीच गेली, जेवण जाईना, उगाच रडू यायला लागलं, तर तो प्रश्न अभ्यासाचा राहिला नाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. फोन कर. माझ्या काळी हे नव्हतं, आम्ही कोपिनेश्वराच्या पायरीवर बसून यायचो.

राहिले बाबा. "बाकीचं मी बघतो" हे तुला टोचतं, कारण तुला ते उधारीसारखं वाटतं, नोकरी लागली की फेडायची. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाचं वीस-पंचवीस वर्षांचं काम सुटलं आणि ज्यानं परमिट-बॅजच्या रांगेत उभं राहून नवीन धंदा शिकून घेतला, त्याला अनिश्चिततेबद्दल तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. घरात बसून बाबा तो विषय काढत नाहीत, कारण तू घाबरशील असं त्यांना वाटतं. आणि तू काढत नाहीस, कारण त्यांना लागेल असं तुला वाटतं. दोघांनीही आपापलं धरून ठेवलंय आणि दोघंही समोरच्यानं आधी सोडावं म्हणून थांबलात. भाच्यानं मला डेडलॉकची व्याख्या सांगितली ती जवळपास हीच आहे.

म्हणून पहिला जॉब झाला की तो बाबांना समजावून सांग. बँकर्स अल्गोरिदम नको, नुसतं डेडलॉक. चार अटी असतात ना: जागा एका वेळी एकाचीच, हातातलं सोडायचं नाही आणि पुढचं मागत राहायचं, कोणी ओढून काढून घेऊ शकत नाही, आणि वाट बघणाऱ्यांचं गोल कडं तयार होतं. पुस्तकातले प्रिंटर आणि डिस्क सोडून दे. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाऊस पडला की काय होतं ते आठव. एका बाजूनं ऐरोलीच्या बस, दुसरीकडून कळव्याच्या रिक्षा, मधे एक टेंपो आडवा, प्रत्येकाचं पुढचं चाक दुसऱ्याच्या जागेत आणि हॉर्न सगळ्यांचे. चारही अटी तिथं उभ्या असतात, गुडघाभर पाण्यात.

बाबा तिथं कितीदा अडकले असतील. त्यांना विचार, अशा वेळी सगळ्यांत आधी कोणाला गाडी मागे घ्यायला लावतात, आणि तोच का. त्यांचं उत्तर वहीत लिही, मग पुस्तकातलं डेडलॉक सोडवण्याचं प्रकरण उघड आणि ताडून बघ. काय जुळलं, काय नाही, ते मला कळव. मला विटाव्याचं उत्तर हवंय, रिक्षावाले मला कधी सांगत नाहीत.

तुझी,
ताई